समोरच्याला वेळेत कळू द्या: गोव्याच्या रस्त्यांवरचं सौजन्य, हिशेबासकट

गोव्यात गाडी चालवणं कठीण झालंय यावर सगळ्यांचं एकमत आहे. दोष कुणाचा, हे मात्र गावागणिक बदलतं. कुणी पर्यटकांना धरतो, कुणी खाजगी बसवाल्यांना, कुणी खनिजाच्या ट्रकांना, तर कुणी शेजाऱ्याच्या पोराला. हा वाद इथे नको. मुद्दा वेगळा आहे. रस्त्यावरचं सौजन्य म्हणजे मनाचा मोठेपणा, हसून वाट देणं, असं आपण धरून चालतो. पण रस्त्यावर तुमचं मन कुणाला दिसत नाही. दिसतो तो इंडिकेटर, मागचा लाल दिवा, गाडीचा वेग आणि गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते. आपण आता काय करणार हे इतरांना वेळेत कळवायचं आणि कळवलं तेच करायचं, बहुतेक सौजन्य एवढ्यात येतं. यातलं ‘वेळेत’ म्हणजे किती, हे मोजता येतं.

एका सेकंदात दीड बस

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. मोठी बस दहा-अकरा मीटर लांब असते, म्हणजे सेकंदाला दीड बस. समोर काही आडवं आलं की ते दिसायला, कळायला आणि पाय ब्रेकवर जायला सावध माणसालाही सेकंदभर लागतो. तेवढ्यात १७ मीटर संपले, आणि ब्रेक अजून लागायचाच आहे. कोरडं डांबर आणि चांगले टायर असतील तर पुढे आणखी २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ३५ पर्यंत. एकूण कोरड्यात ३७, ओल्यात ५२.

हाच हिशेब ताशी ४० ला करा. सेकंदाचे ११ मीटर, वर ब्रेकचे कोरड्यात ९ आणि ओल्यात १६. एकूण २० आणि २७. वेग दीडपट झाला, पण पावसात थांबायचं अंतर जवळपास दुप्पट झालं. कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन पट. पेपरात रोज ‘स्वयंअपघात’ (दुसरी गाडी न धडकता झालेला अपघात) वाचतो ना, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हा सव्वादोनचा गुणाकारच दुचाकीस्वाराच्या लक्षात आलेला नसतो.

पुढच्या गाडीपासून किती मागे राहायचं, हे मीटरमध्ये अजमावता येत नाही. सेकंदात येतं. रस्त्याकडेचा विजेचा खांब किंवा माड हेरा. पुढच्या गाडीची शेपटी त्याच्यापाशी पोचली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा. प्रत्येकाला साधारण एक सेकंद जातो. ‘तीन’ म्हणायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात पाचपर्यंत मोजा.

यावर ठरलेली तक्रार येते: तेवढी जागा सोडली की मध्ये कुणीतरी घुसतोच. घुसू दे. ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचला, अंतर पुन्हा तयार होतं. एक जण घुसला की तुमचे फार तर तीन सेकंद जातात. मडगावहून पणजीला पोचेस्तोवर दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट. पुढच्याच्या नंबरप्लेटला चिकटून चालणारा हा अर्धा मिनिट वाचवतो आणि पुढच्या चालकाची अर्धी नजर मागच्या आरशात अडकवून ठेवतो. म्हणजे पुढचा धोका दोघांनाही उशिरा दिसतो.

पहिल्या पावसाबद्दल दोन शब्द. सात-आठ महिन्यांचं सांडलेलं तेल, टायरची झीज आणि आपली तांबडी धूळ यांचं पहिल्या सरीत निसरडं काळपट वंगण होतं. मुसळधार पाऊस ते धुऊन नेतो. भुरभुर पाऊस नुसतं भिजवून ठेवतो. म्हणून जूनमधली पहिली हलकी सर जुलैतल्या धो-धो पावसाहून दगाबाज असते. पाणी साचलेल्या भागात स्टिअरिंग एकाएकी हलकं लागलं तर समजा की टायर पाण्यावर तरंगतोय. तेव्हा जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर कारचा टायर बदलायलाच हवा. नक्षीच्या खाचेत तळाशी छोटे उंचवटे असतात. ते रबराच्या बरोबरीला आले की तीच खूण.

सर्कलमध्ये आधी कोण?

गोव्यात सर्वांत जास्त हॉर्न वाजत असतील तर ते सर्कलवर, मग ते पणजीचं दिवजा सर्कल असो की जुने गोवेचं गांधी सर्कल. नियम साधा आहे: जो आत फिरतोय तो आधी. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे आतला वाहनचालक नेहमी तुमच्या उजवीकडून येतो. उजवीकडे बघा, कुणी येत असेल तर थांबा, नसेल तर न थांबता आत शिरा. थांबायची गरज नसताना थांबणंही चूकच, मागच्याचा अंदाज चुकतो.

उलटा नियम का चालत नाही? बाहेरून येणाऱ्याला आधी वाट दिली तर आतले थांबतात. आतले थांबले की बाहेर पडायची तोंडं बंद होतात आणि सर्कल भरून गच्च होतं. गणपतीच्या चवथीच्या आदल्या दिवशी बाजाराजवळ हे दृश्य बघायला मिळतं. कुणाचीच गाडी हलत नाही, आणि हॉर्न मात्र सगळ्यांचे वाजतात.

इंडिकेटर कसा द्यावा? पहिल्याच तोंडाला डावीकडे वळायचं असेल तर आत शिरण्याआधीपासून डावा, आणि गाडी डाव्या बाजूला. सरळ जायचं असेल तर शिरताना काहीच नाही. तुमच्या आधीचं तोंड मागे पडलं की डावा. उजवीकडे जायचं किंवा पूर्ण वळसा घ्यायचा असेल तर उजवा इंडिकेटर देऊन मध्यभागाजवळून फिरा आणि तुमच्या आधीचं तोंड ओलांडल्यावर डावा द्या. हा शेवटचा डावा इंडिकेटर जवळपास कुणीच देत नाही, आणि खरं तर तोच सगळ्यांत उपयोगी आहे. तो दिसला की पुढच्या तोंडाशी थांबलेल्याला कळतं की हा बाहेर पडतोय, आपण निघू शकतो.

स्कूटरवाल्यांची एक खास चूक इथे घडते. भीतीपोटी ते सर्कलच्या बाहेरच्या कडेकडेने फिरतात आणि उजवीकडच्या तोंडाला जाताना मधल्या प्रत्येक तोंडासमोरून आडवे जातात. बाहेर पडणारी कार डावीकडे वळते, स्कूटर सरळ जाते, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. मोकळी जागा बघून आत शिरलात की मध्यभागाकडे सरका, आणि बाहेर पडताना आरसा बघून डावीकडे या. त्यासाठी आरसा हवा. हँडलचे आरसे काढून फिरणारी स्कूटर म्हणजे डोळ्यांवर झापड बांधलेला घोडा.

गडग्यांच्या मधली वाट

बार्देश-सासष्टी तालुक्यांतल्या वाड्यांचे रस्ते बैलगाडीच्या रुंदीचे होते. त्यावर डांबर पडलं, पण दोन्ही बाजूंचे चिऱ्यांचे गडगे (कुंपणाच्या भिंती) तिथेच राहिले. अशा वळणावर दिसतं किती, ते बघून वेग ठरवायचा. दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे, कारण उरलेल्या निम्म्यात समोरचा थांबणार आहे. पुढचे २० मीटर दिसत असतील तर तुमच्या वाट्याला दहा येतात. दहा मीटरांत थांबायचं तर वेग ताशी पंचवीसच्या आतच हवा. वळणावरच्या गोल फुगीर आरशात येणारी गाडी असते त्याहून लहान, म्हणून लांब वाटते. त्या आरशावरून ‘कुणीतरी येतंय’ एवढंच घ्या, ‘अजून वेळ आहे’ हे घेऊ नका. वळणाआधी हॉर्नचा एक छोटा आवाज पुरे.

चढ-उताराच्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. हे नुसतं सौजन्य नाही, नियमच आहे. चढणारी गाडी थांबली तर तिला अर्ध्या क्लचवर पुन्हा उचलावं लागतं. भरलेला ट्रक असेल तर तो आधी मागे घसरतो आणि मागचा स्कूटरवाला त्याच्या चाकाखाली सापडू शकतो. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक धरून उभं राहायचं असतं. चोर्ला घाट असो, अनमोड असो की काणकोणला जाताना लागणारा करमल घाट, हे तिन्हीकडे लागू. मात्र समोरून गच्च भरलेली बस आली आणि रुंद जागा तुमच्या कारमागे पाच मीटरवर असेल, तर हक्क तुमचा असला तरी मागे तुम्हीच घ्या. कार मागे घेणं सोपं, बस मागे घेणं कठीण. हक्काचा हिशेब नंतर.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐनवेळी पेडल दाबूनही पकड येत नाही. करपल्यासारखा वास आला तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन अर्धा तास निवू द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका.

दोन अर्थांच्या खुणा

पुढचा दिवा लुकलुकवण्याचा अर्थ काय? अर्ध्या गोव्याच्या मते ‘थांब, मी येतोय’. उरलेल्या अर्ध्याच्या मते ‘ये, तू जा’. म्हणून कुणी दिवा मारला म्हणून आडवं जाऊ नये. समोरची गाडी प्रत्यक्षात मंदावली का, तेवढंच खरं.

चार इंडिकेटर एकदम लावून चौकात सरळ जाणं ही दुसरी आपली खासियत. डावीकडून बघणाऱ्याला तुमचा फक्त डावा दिवा दिसतो, त्याला वाटतं तुम्ही डावीकडे वळताय. उजवीकडच्याला उजवा दिसतो. सरळ जायचं असेल तर काहीच लावायचं नसतं. चालत्या गाडीत पाऊस पडतोय म्हणून चारही लावले तर तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला सांगायला दिवाच उरत नाही. ती खूण उभ्या गाडीसाठी आहे.

हॉर्नचं थोडक्यात. इस्पितळ, शाळा आणि न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथे वाजवायचा नाही. रात्री १० ते सकाळी ६ वस्तीतही नाही. लग्नाच्या वऱ्हाडाला या नियमातून सूट आहे, हा समज कुठून आला कोण जाणे.

आता जरा अवघड गोष्ट. हाताने खुणावून वाट देणं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात हातात पिशव्या घेतलेली बाई रस्त्याकडेला उभी असते. तुम्ही चांगल्या मनाने थांबता आणि हाताने ‘जा’ म्हणता. ती तुमच्याकडे बघत निघते. तुमच्या डाव्या बाजूने पुढे सटकणारी स्कूटर तिला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही, आणि स्कूटरवाल्याला तुम्ही का थांबलात ते कळलेलं नसतं. तुमच्या खुणेने तिचा सावधपणा काढून घेतला. म्हणून थांबा जरूर, पण थोडं आधीपासून मंद व्हा, म्हणजे मागचे दिवे पेटलेले सगळ्यांना दिसतील. हात खाली ठेवा. कधी निघायचं ते तिला ठरवू द्या. आणि झेब्रा पट्ट्यांपाशी थांबलेल्या गाडीला ओलांडून कधीही पुढे जायचं नाही, ती उगाच थांबलेली नसते.

रात्र

डिपरचा (खाली झुकवलेल्या पुढच्या दिव्याचा) उजेड साधारण ४० मीटरपर्यंत कामाचा असतो. ताशी ६० ला कोरड्या रस्त्यावर ३७ मीटर लागतात, म्हणजे जेमतेम निभावतं. ताशी ८० ला ५८ लागतात. उजेडाच्या पलीकडचा रस्ता तुम्ही नशिबावर सोडलेला असतो. पावसाळ्यात गुरं रात्री डांबरावर येऊन बसतात. रस्ता कोरडा आणि ऊबदार असतो, माशाही कमी. पाठमोऱ्या बसलेल्या काळ्या गाईचे डोळे चमकत नाहीत, ती अगदी जवळ आल्यावरच दिसते.

म्हणून अपर (लांबवर जाणारा उजेड) वापरावाच, पण समोरून कुणी येताना दिसला की दीडशे-दोनशे मीटरवरच डिपर करावा. कुणाच्या मागे चालत असाल तरी डिपरच. तुमचा अपर त्याच्या आरशातून थेट डोळ्यांत जातो. समोरच्याने डिपर केला नाही तर सूड म्हणून अपर ठेवू नका. दोन आंधळे एकमेकांकडे येण्यापेक्षा एक बरा. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेवर न्या आणि वेग कमी करा. दिपलेल्या डोळ्यांना सावरायला काही सेकंद लागतात, वय वाढेल तसे जास्त.

नोव्हेंबरअखेर जुने गोवेच्या नोव्हेनांना आणि ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) लोक पहाटेच्या अंधारात चालत जातात. जत्रांना आणि वारीलाही तसेच. चालणाऱ्यांनी रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून आणि फिकट कपड्यांत चालावं. चालकाने त्यांच्यापासून निदान हातभर नव्हे, मीटरभर लांबून जावं.

मोठ्या गाड्या, छोटे पाहुणे

ट्रकचालक उंचावर बसतो म्हणून त्याला सगळं दिसतं, हा गैरसमज आहे. त्याच्या बोनेटसमोरचे दोन-तीन मीटर, डाव्या दाराखालची जागा आणि गाडीच्या थेट मागची जागा त्याला दिसत नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. दुसरी गोष्ट: लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, वळणाच्या आत ओढली जातात. डावीकडे वळण्यासाठी ट्रक आधी उजवीकडे सरकतो. डावीकडे मोकळी जागा झाली असं वाटून दुचाकी आत घुसते, आणि काही क्षणांत ती जागाच नाहीशी होते. उसगाव, सावर्डे, कुडचडे या खनिजाच्या ट्रकांच्या भागात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सायकल शिकवतानाच सांगायला हवं.

बसमधून उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडतो. थांबलेल्या बसला ओलांडताना तो आहेच असं धरून चाला.

पाहुण्यांना गाडी भाड्याने घेऊन देत असाल तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं आहेत का ते बघा. चालकाविना भाड्याने द्यायच्या गाडीची तीच खूण. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, मोबाईलचा नकाशा काहीही सांगो. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेणं बेकायदा आहे, आणि भरतीच्या वेळी ती बाहेर काढायला ट्रॅक्टरवाला किती घेईल ते त्याच्या मर्जीवर.

तालांव (दंडाची पावती) आणि त्यापुढचं

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार वाढलेले दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. हेल्मेट किंवा सीटबेल्ट नसेल तर १,००० रुपयांचा तालांव. रुग्णवाहिकेची वाट अडवली तर १०,००० रुपये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. बारावीच्या निकालाआधीच स्कूटर घेऊन देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मागून रुग्णवाहिका आली तर आहात तिथे ब्रेक मारू नका. डावा इंडिकेटर द्या, डावीकडे सरका, मग मंद व्हा. दोन्हीकडे गडगे असतील तर पुढच्या रुंद जागेपर्यंत चालत राहा. ती पुढे गेल्यावर तिच्या मागे लागून फुकटची वाट काढणारे असतात. तसं करू नका, तिच्या मागोमाग दुसरी येत असू शकते.

अपघात दिसला तर आधी तुमची गाडी सुरक्षित जागी, चारही इंडिकेटर लावून उभी करा (इथे ते योग्य). महामार्गावर लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेवा. मग १०८. ठिकाण सांगताना जवळचं चर्च, देऊळ, तिठा किंवा पूल सांगा. जखमीला पाणी पाजू नका, बसवू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, तसं कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये संरक्षण आहे. २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता देण्याची केंद्राची योजनाही आहे.

गाडीतून उतरताना एक सवय लावून घ्या: दार लांबच्या हाताने उघडा. चालकाने डाव्या हाताने. अंग आपोआप वळतं, नजर मागे जाते आणि येणारा सायकलवाला दिसतो. डावीकडे मागे बसलेल्यांनी उजव्या हाताने.

राहिली फेरीबोट. दिवाडी किंवा चोडण बेटावर जाताना उतरणारे सगळे धक्क्यावर येईपर्यंत रॅम्पचं तोंड मोकळं ठेवा. लोखंडी रॅम्प ओला असतो. दुचाकी सरळ, पहिल्या गिअरमध्ये, हँडल न वळवता आणि पुढचा ब्रेक न दाबता न्या. रात्री पुढचा दिवा डिपरवर ठेवा, खलाशाच्या डोळ्यांवर नको. आत गेल्यावर इंजिन बंद, कारचा हँडब्रेक ओढलेला आणि पहिला गिअर टाकलेला. पलीकडे बोट धक्क्याला टेकताना एक हिसका बसतो, तेव्हा स्कूटरवर बसून असाल तर दोन्ही पाय खाली ठेवा. रॅम्प पूर्ण खाली आल्यावर आधी चालत जाणाऱ्यांना उतरू द्या, मग किल्ली फिरवा.